उतारावर कळते गाडी

पगार पुण्यात आणि सातबारा सातारा-सांगलीत, अशी मंडळी आपल्यात काही कमी नाहीत. सोमवार ते शुक्रवार लॅपटॉप, शनिवारी पहाटे कात्रज पार. या मंडळींना तिशी ओलांडली की एक साथ हमखास लागते, जुनी डिझेल पिकअप घेण्याची. लॉजिक एकदम फिट असतं : 'बाबांना बागेसाठी होईल, आपल्याला वीकेंडला होईल, आणि नव्या गाडीच्या निम्म्या पैशांत होईल.' त्यात डबल केबिन मिळाली तर विचारूच नका. पुढे फॅमिली, मागे हौद्यात खताची पोती!

लॉजिक तसं वाईट नाही. या गाड्यांची इंजिनं दणकट असतात, पार्ट तालुक्याच्या गावी मिळतात आणि काम येणारा माणूस नाक्यानाक्यावर भेटतो. घोडं पेंड खातं ते दुसरीकडंच. आपण गाडी बघायला जातो, मालक इंजिन सुरू करून दाखवतो, आपण टायरला लाथ मारतो, काचा वर-खाली करतो. आणि मग मालक जाता जाता एक वाक्य टाकतो, 'गिअर जरा हार्ड पडतोय, बाकी गाडी टकाटक.'

त्या 'जरा'ची किंमत पाच हजारही असू शकते आणि पन्नास हजारही. म्हणून आज फक्त त्या 'जरा'बद्दल.

मीटर सोडा, माल विचारा

टाटांनी १९८८मध्ये टाटा मोबाइल आणली, पुढे टाटा २०७ आली, महिंद्राची बोलेरो पिकअप आली आणि आपल्याकडचा भाजीपाल्यापासून लग्नाच्या मंडपापर्यंतचा सगळा कारभार या गाड्यांच्या पाठीवर गेला. त्यामुळे जुनी कार बघताना जो पहिला प्रश्न आपण विचारतो, 'किती चालली?', तो इथं दुय्यम ठरतो. पिकअपला विचारायचं, 'काय वाहिलं?'

सातारा जिल्ह्यातली गाडी असेल तर ती महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी घेऊन पसरणी घाट उतरलेली असू शकते. माल हलका, पण घाट रोजचा. सांगलीकडची गाडी हळदीची पोती, तासगावची द्राक्षं नाहीतर बेदाण्याचे बॉक्स वाहते. वजन जास्त, पण रस्ता बराचसा सपाट. आणि खडी-वाळू वाहणारी गाडी असेल तर वजनही जास्त आणि रस्ताही खाणीतला. मीटरवर तिन्ही गाड्या सव्वा लाख किलोमीटरच दाखवतील. त्यांच्या गिअरबॉक्सचं आयुष्य मात्र सारखं गेलेलं नसतं.

मालक काय, 'गुरुजींची गाडी हाय साहेब, फकस्त लग्नकार्याला काढायचे' असंच सांगणार. तुम्ही मागे जाऊन पाटे मोजा. कंपनीच्या पाट्यांवर एखादा जादा पाटा चढवलेला दिसला, की गाडी कायम ओव्हरलोड पळालेली आहे असं समजा. हौद्याचा पत्रा आतून बघा. पोत्यांनी पत्रा घासला जातो, खडीनं तो ठोकला जातो आणि त्याला पोचे येतात. पाच मिनिटांचं काम, पण गाडीचा निम्मा बायोडेटा इथंच वाचून होतो.

दोन गाड्या, एकच तक्रार

आमच्या एका मित्राची गोष्ट इथं कामाला येईल. गडी हिंजवडीत नोकरीला, वडिलांची तासगावजवळ द्राक्षबाग. बागेतून गावाकडं येताना चांगला लांब उतार. वडील पासष्टीचे, आणि गाडी तेच चालवणार. बजेट चार लाख, फार ताणलं तर साडेचार. एवढ्या पैशांत त्यानं दोन गाड्या काढल्या. दोन्ही डबल केबिन, दोन्ही डिझेल.

पहिली साताऱ्यात, २०१६ची. पॉलिश मारलेली, नवी सीटकव्हर, मागणी पावणेपाच लाख. दुसरी सांगलीत, २०१४ची. एका दरवाजाचा रंग वेगळा, डॅशबोर्डला तडा, मागणी तीन सत्तर. दोघांच्याही मालकांचं वाक्य तेच, 'गिअर जरा हार्ड पडतोय.'

मित्रानं मिरजेहून एक जुने मेस्त्री बरोबर घेतले. मिरज म्हणजे तंबोऱ्याचं गाव. तिथले कारागीर तंबोऱ्याची जवारी लावताना जसा कान देऊन बसतात, तसेच हे मेस्त्री बॉनेटला हात न लावता दहा मिनिटं नुसते ऐकत बसले. ते काय ऐकत होते, ते आपल्यालाही ऐकता येतं. फक्त क्रम ठाऊक हवा.

कान कसा लावायचा?

आधी मालकाला फोनवरच सांगा की गाडी गरम करून ठेवू नका. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर तासभर चहा प्या. बऱ्याच खोडी गाडी थंड असतानाच बोलतात. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर एकदा टाकून बघा. मग खाली वाकून इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जोडलेत तिथं ऑइलचा ओघळ आहे का बघा. सगळी गाडी धुळीची आणि गिअरबॉक्स तेवढा चकचकीत धुतलेला असेल, तर का धुतला हे विचारायला लाजू नका.

आता इंजिन सुरू. गाडी न्यूट्रलमध्ये, पाय क्लचवरून काढलेला. गुरगुर ऐकू येते का? येत असेल तर क्लच पूर्ण दाबा. दाबल्यावर आवाज थांबला, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या बाजूचं बेअरिंग संशयित. कारण क्लच दाबला की गिअरबॉक्सच्या आतला शाफ्ट फिरायचा थांबतो. उलट, आधी शांत असलेली गाडी क्लच दाबल्यावर कुरकुरायला लागली, तर ते क्लचचं रिलीज बेअरिंग. आवाज ऐकायला जवळपास सारखाच, खर्चात मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

पुढची पायरी रिव्हर्सची. क्लच दाबून मनात तीन आकडे मोजा आणि मग रिव्हर्स टाका. थांबूनही 'खर्रर्र' झालं तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. आता रस्त्यावर चला. वर जाताना आणि खाली येताना प्रत्येक गिअर टाकून बघा. इथं एक सोपा नियम पाठ करा : एकाच गिअरला खरखर होत असेल, समजा तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना, तर त्या गिअरची सिंक्रोनायझर रिंग झिजलेली असते. म्हणजे गिअरबॉक्स उघडणं आलं. सगळेच गिअर जड जात असतील तर आधी क्लचकडं बघा.

क्लच सरकतो का, तेही इथंच कळतं. सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी चाळीसच्या आसपास चालवत असताना ॲक्सिलरेटर एकदम दाबा. इंजिन ओरडलं आणि गाडी मात्र आहे त्याच वेगानं रमतगमत राहिली, तर क्लच प्लेट संपत आलीय.

आणखी एक मेस्त्रींची खूण. बऱ्याच जुन्या पिकअपमध्ये चौथा गिअर 'डायरेक्ट' असतो, म्हणजे इंजिनाची ताकद आतल्या दुसऱ्या शाफ्टवरून न फिरता सरळ मागं जाते. त्यामुळे बाकी सगळ्या गिअरमध्ये हुंकार येतोय आणि चौथ्यात तो गायब होतोय, तर दुखणं गिअरबॉक्सच्या त्या दुसऱ्या शाफ्टमध्ये. गिअर कुठलाही असो, हुंकार फक्त वेगाबरोबर वाढत असेल तर मागच्या डिफरन्शियलकडं बघा. आणि गाडी हलताना, पुढं-मागं घेताना खालून 'टक्' असा आवाज आला, तर बहुतेकदा ते शाफ्टच्या क्रॉसचं काम असतं. हा त्यातला सगळ्यात स्वस्त आजार!

घाट चढू नका, उतरा

आपली टेस्ट ड्राइव्ह म्हणजे काय? गाडी चढाला लावायची आणि 'दम आहे का' बघायचं. दम इंजिनाचा असतो आणि तो या गाड्यांत सहसा असतोच. गिअरबॉक्स खरं बोलतो ते उतारावर. चढताना इंजिन चाकांना ओढतं, उतरताना चाकं इंजिनाला ओढतात. म्हणजे दातांवरचा जोर उलट बाजूनं येतो. आतला भाग झिजलेला असेल तर नेमका तेव्हाच गिअर आपोआप सुटतो आणि लिव्हर न्यूट्रलला येऊन पडते.

साताऱ्यात ही परीक्षा घ्यायला कासच्या वाटेवरचा यवतेश्वर घाट आहे. मित्राच्या पहिल्या गाडीनं तो घाट झकास चढला. मालक खूश, मित्र त्याहून खूश. येताना मेस्त्री म्हणाले, 'दादा, तिसऱ्यात टाका. आता ॲक्सिलरेटर सोडा. ब्रेकवर पाय तयार ठेवा, हात स्टेअरिंगवर.' दोन वळणं झाली आणि तिसरा गिअर 'खट्' करून निसटला. गाडी मोकळी पळायला लागली. मेस्त्रींनी ब्रेक मारायला लावला, पुन्हा तसंच करायला सांगितलं. पुन्हा 'खट्'.

मालकाचं म्हणणं, 'लिव्हरला हात लावून धरला की नाही सुटत.' हे वाक्य ऐकलं की समजून घ्या, त्या माणसाला दुखणं ठाऊक आहे आणि तो काही महिने लिव्हर धरूनच गाडी चालवतोय. रिकाम्या गाडीत गिअर सुटला तर ब्रेक सांभाळून घेतो. हौद्यात टनभर माल, पुढे लांब उतार आणि गाडीला अडवणारं इंजिन अचानक सुटलेलं, अशा वेळी सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापत जातात आणि मग पकडेनासे होतात. स्टेअरिंगवर पासष्टीचे वडील आहेत, हे डोळ्यासमोर आणा. मग 'एवढ्या खर्चात आटपेल' हा विचार जरा वेगळा वाटायला लागतो.

शक्य असेल तर ही चाचणी वजन घालून घ्या. मालक पोती भरू देणार नसेल, तर मित्रांना केबिनमध्ये बसवा. नाहीतरी वीकेंडला ते रिकामेच असतात.

सांगलीची गाडी, पुराचा प्रश्न

दुसऱ्या गाडीला सांगलीत मेस्त्रींनी हीच सगळी परीक्षा दिली. न्यूट्रलमध्ये शांत. क्लच दाबला की कुरकुर. सगळेच गिअर थोडे जड, रिव्हर्सला खरखर. चौथ्यात ॲक्सिलरेटर दाबला तर इंजिन पुढं, गाडी मागं. उतार शोधून काढला, सगळे गिअर सोडून बघितले, एकही निसटला नाही. निदान सरळ होतं : क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग संपलेले, गिअरबॉक्स ठीक.

पण सांगलीची गाडी म्हटल्यावर एक प्रश्न उरतोच. ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी आहे ४५ फूट. जुलै २०२१मध्ये शहरात पुन्हा पाणी आलं. त्या दिवसांत ही गाडी कुठं उभी होती? मालकाला विचारा, शेजारच्या टपरीवरही विचारा.

याचा गिअरबॉक्सशी काय संबंध? आहे. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल, दोघांनाही हवा जायला बारीक वाट ठेवलेली असते. गाडी पाण्यात उभी राहिली की त्याच वाटेनं पाणी आत जातं. वरून गाडी धुऊन-पुसून कोरी करता येते, आतलं ऑइल बदलायचं मात्र अनेकजण विसरतात. म्हणून लेव्हलचा बोल्ट उघडून ऑइल बोटावर घ्या. काळपट पण स्वच्छ असेल तर चालेल. दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय. ड्रेन बोल्टच्या लोहचुंबकावर राखाडी मऊ लेप असतोच, त्याला घाबरू नका. धातूचे कण किंवा कपचे हाताला लागले तर घाबरा. आणि ऑइल फारच घट्ट, मधासारखं असेल तर आवाज दाबण्यासाठी ते मुद्दाम भरलेलं असू शकतं.

जोडीला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, टोकाला चिखलाची रेघ राहते. सीटखालचे रूळ आणि डॅशबोर्डमागच्या वायरी टॉर्च लावून बघा. पूर ओसरतो, गाळ कोपऱ्यात राहतो. या गाडीत गाळ नव्हता आणि ऑइलही साफ निघालं.

माहीत असलेला खर्च आणि नसलेला

आता हिशोब. सांगलीच्या गाडीचं क्लचचं काम मेस्त्रींनी मजुरीसकट चौदा हजारांत सांगितलं, सकाळी गाडी आणा, संध्याकाळी न्या. साताऱ्याच्या गाडीचा आकडा विचारला तर म्हणाले, 'तीसही होतील, पन्नासही होतील. उघडल्याशिवाय सांगता येत नाही.'

मुद्दा या शेवटच्या वाक्यात आहे. क्लच ही झिजायचीच वस्तू, तिचा खर्च आधी कळतो. गिअरबॉक्सचा खर्च उघडल्यावर कळतो, आणि तोवर गाडी तुमच्या नावावर झालेली असते. त्यामुळे गिअरबॉक्सचं दुखणं असलेली गाडी घ्यायचीच असेल तर एकच कसोटी लावा : अख्खा गिअरबॉक्स बदलण्याचा खर्च मागणीतून वजा करा. त्या किमतीला मालक तयार असेल तर घ्या. 'चला, तुमचं नाही माझं नाही, पंधरा हजार कमी करा' यावर खूश होऊन टोकन देऊ नका.

साताऱ्याचा मालक पंचवीस हजार कमी करायला तयार होता. मित्रानं हात जोडले. सांगलीची गाडी साडेतीन लाखांत ठरली, पहिल्याच आठवड्यात क्लच बदलला. दरवाजाचा रंग अजून वेगळाच आहे.

कागदांचा गिअर

गाडी पसंत पडली तरी टोकन देण्याआधी नंबरप्लेटचा रंग बघा. पांढरी म्हणजे खासगी, पिवळी म्हणजे व्यावसायिक. पिवळ्या प्लेटच्या गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग करावं लागतं, विम्याचा हप्ताही वेगळा असतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढं नूतनीकरण. १५ वर्षांवरच्या गाड्यांसाठी हे शुल्क एप्रिल २०२२पासून चांगलंच वाढलंय. म्हणून चौदाव्या वर्षातली गाडी स्वस्त का मिळतेय, याचं उत्तर बहुतेक वेळा आरसी बुकात असतं.

'पिवळी प्लेट चालवायला माझं कारचं लायसन्स चालेल का?' हा नेहमीचा प्रश्न. चालेल. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४मध्ये स्पष्ट केलंय की हलक्या वाहनाचं लायसन्स असलेल्याला ७,५०० किलोपर्यंतचं व्यावसायिक वाहन चालवता येतं. आपल्या पिकअप त्याच्या कितीतरी खाली येतात.

सरकारच्या वाहन पोर्टलवर नंबर टाकून गाडीवर बँकेचा बोजा आहे का आणि चलनं थकली आहेत का ते बघा. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. फॉर्म २९ आणि ३०वर सह्या समोर घ्या. गाडी विकल्याचं मालकानं १४ दिवसांत कळवायचं असतं आणि तुम्ही ३० दिवसांत नाव बदलून घ्यायचं असतं. विमाही १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला टाका. एप्रिल २०१९पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलीय का, तेही बघून घ्या.

एवढं सगळं करायला एक अख्खा शनिवार जातो आणि मेस्त्रींना पाचशे-हजार रुपये द्यावे लागतात. ते खुशीनं द्या, वर जेवण घाला. आणि गाडी बघायला जाताना फोनवर एक वाक्य आधीच सांगून ठेवा, 'आम्ही गाडी घाटात उतरवून बघणार.' यावर ज्या मालकाला अचानक लग्नकार्य आठवतं, त्याच्याकडं जायचं पेट्रोल वाचलं म्हणायचं!